दुसरा नंबर

एप्रिल लागला की भुसावळला माझी आठवण येते.
बाकीचे नऊ महिने
इस्माईल पिंजारी कुठे राहतो विचारा,
लोक दर्ग्याकडे बोट दाखवतील, नाहीतर नुसताच हात हलवतील.

आजोबा कापूस पिंजायचे,
खांद्यावर पिंजण, गल्लोगल्ली तांतेचा तण् तण्.
मी कूलरचं गवत पिंजतो.
जुनं काढतो, क्षारानं दगड झालेलं,
नवं जाळीत दाबतो,
मोटरीला तेलाचे दोन थेंब,
आणि टाकीपाशी उकिडवा बसून ऐकतो
घरोघर गावाला पडणाऱ्या शिव्या.

हे काय गाव आहे? तवा आहे तवा.
बदली झाली तेव्हा रडले होते मी,
बारा वर्षं झाली, दोन खोकी अजून उघडलेली नाहीत.
दीपनगरची राख बघा, वाळत घातलेल्या पापडांवर.
गाड्या थांबतात सगळ्या, मान्य,
पण माणसानं थांबावं असं आहे काय इथं?
हे विचारणारे वारके मास्तर
रिटायर होऊन एकोणीस वर्षं इथंच थांबलेत.
मी बोलत नाही.
पाना मागतो, प्यायला पाणी मागतो.

संध्याकाळी सातला मात्र
तीच माणसं टीव्हीपुढे,
पंखा बारीक, आवाज मोठा,
आकडा ऐकायला.
एखादा अपघात सोडला तर
मे महिन्यातच काय ते आमचं नाव बातम्यांत येतं.

परवा आलं: चंद्रपूर, सत्तेचाळीस पॉइंट दोन.
भुसावळ, सेहेचाळीस पॉइंट नऊ.

जामनेर रोडच्या रसवंतीवर सुतक.
लीलाधर ढाकेनं अर्धा ग्लास तसाच ठेवला.
"आपला थर्मामीटर सावलीत ठेवून राह्यले भो,
निंबाखाली!
आपल्याला कधी पुरतं मोजलं का कोणी?"
पाच-सहा माना हलल्या.
याच लीलाधरनं सकाळी मला सांगितलं होतं,
पुण्यात फ्लॅट बघतोय, टोकन दिलंय,
या भट्टीत पुढचा उन्हाळा काढणार नाही.

झोपेकाकूंकडे यंदा एसी आला.
तरी मला बोलावणं.
जुना लोखंडी कूलर, पंख्याचं एक पातं वाकडं,
दर फेऱ्याला कट्ट वाजणारं.
म्हटलं, काकू, भंगारात द्या, भाव चांगला आहे.
म्हणाल्या, पातं सरळ करू नको हं,
नुसता चालू कर.

पोरगा फिनलंडला.
तिथं उन्हाळ्यात उजेड मावळतच नाही म्हणे.
"आडनाव झोपे, आणि डोळ्याला डोळा नाही त्याच्या."
तो फोन लावतो,
काकू फोन कूलरपुढे स्टुलावर ठेवतात.
तिकडे पोचते पाण्याची झरझर,
कट्ट,
मग पुन्हा कट्ट.
कधीतरी घोरणं ऐकू येतं, मग त्या फोन बंद करतात.

नवं गवत भिजलं, घरभर वास गेला,
तर विचारलं त्यांनी,
हा पाठवता येतो का रे?
एवढं काम अजून शिकलो नाही, म्हटलं.
मजुरी दीडशे. कमी करावीशी वाटली, केली नाही.

माझ्या घरी कूलर नाही.
रात्री गच्चीवर दोन बादल्या मारतो,
वाफ जाऊ देतो, मग चटई टाकतो.
यार्डात शंटिंग चाललेलं,
डब्यावर डबा आदळतो, कुत्रं भुंकतं, गप्प होतं.
सना विचारते, अब्बा, सगळ्यात गार गाव कुठलं?
तोंडाला आलं ते नाव सांगितलं.
"जायचं?"
"तिथं मला काम काय?"
ती हसते, हसता हसता झोपते.

स्लॅब पाठीखाली अजून ऊन आहे,
कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा.
उद्या सत्तेचाळीस पार होईल, लीलाधर म्हणत होता.
मी कूस बदलतो.
ती बाजूही ऊन.